डिजिटल ग्रंथालय आणि ग्रंथपालाचे कार्य : हैदराबादचा अनुभव

मराठवाड्यातील एखाद्या गावच्या शिक्षकास आपल्या गावातील शाळेचा इतिहास लिहावयाचा असेल, तर त्याचा शोध पुष्कळदा गावात संपत नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे त्या वेळचे पाच मराठी जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, हे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाले. माणसे आणि जमीन इकडे आली; परंतु संस्थानी काळातील अहवाल, पुस्तके, नियतकालिके आणि दप्तरे यांचा फार मोठा भाग हैदराबाद शहरातच राहिला. नांदेडहून हैदराबाद अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथे जाणे, राहणे, ग्रंथालयाची परवानगी मिळविणे आणि हाताने टिपणे काढणे हे काम शाळा सांभाळून करणे कठीणच होय.

हे अंतर कमी करण्याचे साधन म्हणजे डिजिटल ग्रंथालय. मात्र केवळ यंत्र आणून ठेवल्याने असे ग्रंथालय उभे राहत नाही. त्यामागे पुस्तक ओळखणारा, त्याची नोंद करणारा आणि वाचकाची गरज जाणणारा ग्रंथपाल असावा लागतो. हैदराबाद शहरात गेल्या चार-पाच दशकांत या क्षेत्रात जे कार्य झाले, त्यावरून या व्यवसायाचे स्वरूप कसे बदलत गेले आणि त्यात कोणत्या अडचणी आल्या, हे चांगल्या प्रकारे समजून घेता येते.

ग्रंथसंपन्न शहर

हैदराबादची ग्रंथपरंपरा जुनी आहे. नवाब इमाद-उल-मुल्क सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने १८९१ साली आसफिया ग्रंथालयाची स्थापना झाली. १९३६ मध्ये ते मुसी नदीच्या काठी अफजलगंज येथील भव्य इमारतीत आले. १९५५ च्या हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर त्यास राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा दर्जा मिळाला. उर्दू, फारसी, अरबी, तेलुगू, इंग्रजी यांच्या बरोबरीने मराठी ग्रंथही तेथे संग्रहित झाले.

१९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजु लक्ष्मणराव हे नागपुरास शिकलेले व मराठीचे चांगले जाणकार होते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग तेथे झाला. शहरातील मराठी भाषिकांनीही आपली शाळा, साहित्य परिषद आणि ग्रंथसंग्रह उभारले.

अशा रीतीने एकाच शहरात अनेक भाषांचा व अनेक लिप्यांचा ठेवा जमा झाला. परंतु ठेवा असणे आणि तो वाचकाच्या हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बराच कागद आम्लयुक्त असल्याने काळानुसार पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि पान उलटताना तुटतो. पुस्तक जपावयाचे तर ते हाताळू देता येत नाही आणि हाताळू दिले नाही तर ते असून नसल्यासारखे होते. हा पेच प्रत्येक जुन्या ग्रंथालयापुढे असतो.

पाटनचेरूचा प्रयोग

संगणकाच्या साहाय्याने वाचकास माहिती पुरविण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग हैदराबादजवळ पाटनचेरू येथे झाला. कोरडवाहू प्रदेशातील पिकांवर संशोधन करणारी ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था तेथे १९७२ मध्ये स्थापन झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग ही तिच्या अभ्यासाची मुख्य पिके. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास यांपैकी एकही पीक परके नाही.

या पिकांविषयीचे लेखन जगभर विखुरलेले होते. आफ्रिकेत ज्वारीवरील एखाद्या रोगाचा अभ्यास झाला, तरी त्याची वार्ता भारतातील संशोधकास वेळेवर मिळेल अशी शाश्वती नव्हती. म्हणून १९७० च्या दशकात कॅनडातील आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राच्या साहाय्याने तेथे ज्वारी व भरड धान्यांविषयीचे माहिती केंद्र उभारण्यात आले. पुढे १९८० च्या दशकात त्या कार्याचा विस्तार होऊन संस्थेच्या सर्वच पिकांसाठी संगणकाधारित माहिती सेवा सुरू झाली. या कार्यात एल. जे. हरवू यांच्यासारख्या ग्रंथपालांचा मोठा वाटा होता.

या सेवेची रीत समजण्यास सोपी आहे. प्रत्येक संशोधकाच्या अभ्यासविषयाचे टिपण ग्रंथालय आपल्याकडे ठेवी. नवे लेख येताच त्यांच्या नोंदी त्या टिपणाशी ताडून पाहिल्या जात आणि जुळणाऱ्या नोंदींची यादी त्या संशोधकास ठरावीक काळाने पाठविली जाई. वाचकाने ग्रंथालयात येऊन मागण्यापूर्वीच ग्रंथालय त्याच्याकडे पोहोचत असे. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असा विचार डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांत मांडला होता. संगणकाने त्या विचारास नवे हातपाय दिले.

त्याच सुमारास, १९८५ मध्ये, लहान संगणकावर चालणारी ‘सीडीएस-आयसिस’ ही आज्ञावली युनेस्कोने उपलब्ध करून दिली. ती विनामूल्य असल्याने भारतातील शेकडो ग्रंथालयांनी आपल्या पहिल्या संगणकीय नोंदी तिच्यावर केल्या. पुढे हैदराबादमध्येच ‘न्यूजेनलिब’ ही ग्रंथालय व्यवस्थापनाची आज्ञावली तयार झाली. व्हेरस सोल्यूशन्स आणि केशवन माहिती व ज्ञान व्यवस्थापन संस्था यांनी मिळून ती विकसित केली आणि २००८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. भारताचे पहिले राष्ट्रीय ग्रंथपाल बी. एस. केशवन यांच्या नावाची ही संस्था. ग्रंथपालांचा अनुभव आणि अभियंत्यांचे कौशल्य एकत्र आले म्हणजे काय साधते, याचे ते उदाहरण होय.

विद्यापीठातील स्थित्यंतर

हैदराबाद विद्यापीठाची स्थापना १९७४ मध्ये संसदेच्या कायद्याने झाली. त्याच्या इंदिरा गांधी स्मारक ग्रंथालयाने १९९० च्या दशकात संगणकीकरणास प्रारंभ करून पुढे डिजिटल ग्रंथालयाचे काम हाती घेतले. प्रबंधांच्या संगणकीय प्रती तयार करणे आणि विद्यापीठाच्या परिसरातील जाळ्यावरून नियतकालिके उपलब्ध करून देणे ही कामे तेथे झाली. ग्रंथालयांचे संगणकीकरण व जाळेजोडणी या विषयाचा दूरशिक्षणाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही या विद्यापीठाने चालविला. त्यामुळे नोकरीत असलेल्या ग्रंथपालांना नवे तंत्र शिकण्याची सोय झाली.

या स्थित्यंतरास राष्ट्रीय पातळीवरही आधार मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ‘इन्फ्लिबनेट’ हा कार्यक्रम सुरू केला. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक ठरविले आणि त्यातून ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा खुला संग्रह वाढीस लागला. पूर्वी एखादा मराठी प्रबंध पाहण्यासाठी त्या विद्यापीठाच्या कपाटापर्यंत जावे लागे. आज त्यांतील पुष्कळ प्रबंध घरबसल्या वाचता येतात. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेने शासकीय उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० संशोधन नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ही योजना ‘इन्फ्लिबनेट’मार्फत राबविली जाते.

यामुळे ग्रंथपालाचे काम कमी झाले, असे काहींना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. पूर्वी तो कपाटांतील काही हजार पुस्तकांचा जाणकार असे. आता वर्गणीचे करार वाचणे, वापराचे आकडे तपासणे, विद्यार्थ्यांना शोधाची रीत शिकविणे आणि संस्थेचे स्वतःचे लेखन जतन करणे ही कामे त्याच्याकडे आली आहेत.

दहा लाख ग्रंथांचा धडा

हैदराबादच्या अनुभवातील सर्वांत बोधप्रद भाग म्हणजे दहा लाख ग्रंथांचा प्रकल्प होय. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्रा. राज रेड्डी यांच्या पुढाकाराने या शतकाच्या प्रारंभी तो सुरू झाला. भारत, चीन आणि इजिप्त यांचा त्यात सहभाग होता. भारतात बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था ही त्याची प्रमुख केंद्रे होती. २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे उद्घाटन झाले. हैदराबादच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातील पुस्तकेही या प्रकल्पात घेण्यात आली. सर्व देशांत मिळून १५ लाखांहून अधिक ग्रंथांच्या प्रती तयार झाल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. कोठेही न मिळणारी अनेक जुनी मराठी पुस्तके या उपक्रमामुळे अभ्यासकांच्या दृष्टीस पडली.

तथापि दोन उणिवा पुढे आल्या. पहिली उणीव नोंदींची. प्रती वेगाने निघाल्या. पण त्यांची नावे अनेकदा चुकीची किंवा अपुरी लिहिली गेली. मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत नोंदविल्याने घोटाळा वाढला. ‘ज्ञ’ हे एकच अक्षर कोणी ‘जे-एन’, कोणी ‘जी-वाय’, तर कोणी ‘डी-एन-वाय’ असे लिहितो. वाचक एका रीतीने शोधतो आणि पुस्तक दुसऱ्या रीतीने नोंदलेले असते. पुस्तक संग्रहात आहे, त्याचे प्रत्येक पान स्वच्छ आहे, तरीही वाचकाच्या दृष्टीने ते हरवलेलेच राहते. चुकीच्या फळीवर ठेवलेल्या पुस्तकाची जी गत, तीच याची.

दुसरी उणीव स्थैर्याची. २०१७ च्या सुमारास हे संकेतस्थळ स्वामित्वहक्काच्या प्रश्नामुळे बंद झाले. सुदैवाने लक्षावधी ग्रंथांच्या प्रती दरम्यान अन्य ठिकाणी, विशेषतः ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संग्रहात, साठविल्या गेल्या होत्या. म्हणून त्या आजही वाचता येतात. तशा त्या नसत्या, तर वर्षानुवर्षांचे श्रम वाचकास अंतरले असते. डिजिटल प्रत म्हणजे कायमची प्रत, हा समज यामुळे खोटा ठरतो. ताम्रपट शेकडो वर्षे जमिनीत राहूनही वाचता येतो. दुर्लक्षित तबकडी दहा-वीस वर्षांतही निरुपयोगी होऊ शकते.

एका पानाचा प्रवास

जुने पान पडद्यावर येईपर्यंत त्यावर कोणते संस्कार होतात, हे शिक्षकांनी व कार्यालयांतील अधिकाऱ्यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रथम निवड करावी लागते. दुर्मिळ काय, जीर्ण काय आणि अन्यत्र आधीच प्रत झालेले काय, हे पाहिले जाते. नंतर पुस्तक स्वच्छ करून, शक्य तर बांधणी न उसवता, वरून छायाचित्र घेणाऱ्या यंत्राखाली ठेवतात. दहा लाख ग्रंथांच्या प्रकल्पात दर इंचास ६०० ठिपके हे प्रमाण ठेवले होते. या प्रमाणाने ‘ए-४’ आकाराच्या एका पानाचे सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच नोंदविले, तरी एका पानास चार मेगाबाइटांहून अधिक जागा लागते. म्हणून मूळ प्रत जपून ठेवतात आणि वाचकासाठी आकाराने लहान अशी दुसरी प्रत तयार करतात.

यानंतर अक्षरओळख. छायाचित्रातील अक्षरे यंत्राने ओळखून त्यांचा मजकूर केला, तरच पुस्तकातील शब्द शोधता येतो. जुन्या मराठी छपाईत जोडाक्षरांचे खिळे निरनिराळे, शाई कोठे फिकी, कोठे पसरलेली. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही छापखान्यागणिक वेगळी. त्यामुळे यंत्राच्या चुका माणसाने तपासाव्या लागतात. मोडी लिपीतील कागदांसाठी तर जाणकार वाचक हाच आजही मुख्य आधार आहे.

मजकूर कोणत्या संकेतात साठविला, हेही महत्त्वाचे आहे. पूर्वी प्रत्येक मराठी टंकाची संकेतरचना वेगळी होती. एका कार्यालयात टंकलिखित केलेला मजकूर दुसरीकडे उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीचा समावेश आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच साठवावा, हा नियम प्रत्येक कार्यालयाने पाळणे हिताचे आहे.

शेवटी नोंद. ग्रंथनाम, कर्ता, प्रकाशक, वर्ष, भाषा, विषय आणि हक्काची स्थिती ही माहिती ठरावीक चौकटीत लिहितात. अशा एका प्रचलित जागतिक चौकटीत पंधरा घटक आहेत. हैदराबादकडील ग्रंथांत वर्षाची नोंद विशेष जपून करावी लागते. मराठी पुस्तकावर शालिवाहन शक असतो, तर संस्थानी कागदांवर फसली सन असतो. शकात ७८ आणि हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळविल्यास इसवी सन साधारणपणे निघतो. शके १८५३ म्हणजे १९३१-३२ आणि फसली १३४० म्हणजे १९३०-३१. ज्यास हे ठाऊक नाही, तो १३४० हे वर्ष तसेच नोंदवील आणि विसाव्या शतकातील अहवाल यादवकाळानंतरचा ठरेल!

हक्काचा प्रश्न

प्रत करता येते म्हणून ती सर्वांपुढे ठेवता येतेच असे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क अबाधित असतो. १९६४ मध्ये निधन पावलेल्या लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेले स्वतःचे लेखन १ जानेवारी २०२५ पासून खुले झाले. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याकडे मूळ प्रत असलेल्या ग्रंथाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. परंतु जतन करणे वेगळे आणि प्रसारित करणे वेगळे. हा भेद ग्रंथपालाने जाणला पाहिजे; अन्यथा चांगल्या हेतूने केलेले काम मध्येच थांबवावे लागते.

ग्रंथपालाची घडण

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणाने पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते. विद्यापीठात सहायक ग्रंथपाल, उपग्रंथपाल आणि ग्रंथपाल अशा पायऱ्या आहेत. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार विद्यापीठ ग्रंथपालाच्या पदासाठी किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, दहा वर्षांचा विहित अनुभव, विद्यावाचस्पती ही पदवी आणि माहिती तंत्रज्ञानासह नावीन्यपूर्ण ग्रंथालय सेवेचा पुरावा अपेक्षित आहे. म्हणजे डिजिटल सेवेचे ज्ञान हे आता वरिष्ठ पदाचे भूषण नसून त्याची अट आहे.

परंतु पदवी आणि तंत्रज्ञान यांखेरीज आणखी काही लागते. हैदराबादसारख्या शहरात काम करणाऱ्यास एकापेक्षा अधिक भाषा व लिप्या वाचता येणे ही मोठीच शिदोरी आहे. संगणक अभियंत्याशी, विधी अधिकाऱ्याशी, लेखापालाशी आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलता आले पाहिजे. शिवाय यंत्रे दर काही वर्षांनी बदलतात. कारकीर्दीच्या प्रारंभी कार्डांवर नोंदी करणाऱ्या पिढीने पुढे संगणक, तबकड्या, जाळे आणि आंतरजाल असे चार-पाच बदल पचविले. प्रत्येक बदलाच्या वेळी जुन्या नोंदी नव्या पद्धतीत सुरक्षित नेणे हेच त्या पिढीचे खरे कार्य होय.

गावाच्या ग्रंथालयाने काय करावे

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये गावोगावी आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने महाग यंत्रे घेण्याची आवश्यकता नाही. काही कामे मात्र अल्प खर्चात होण्यासारखी आहेत.

पहिले काम यादीचे. १९५० पूर्वीची पुस्तके, स्थानिक नियतकालिकांचे अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि स्मरणिका यांची देवनागरीत, युनिकोडमध्ये यादी करावी. यादीत मुखपृष्ठावरील नाव जसेच्या तसे लिहावे आणि शक किंवा फसली सन असल्यास त्यापुढे इसवी सनही द्यावा. दुसरे काम शोधाचे. यादीतील पुस्तक भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय किंवा राज्य मराठी विकास संस्थेच्या दुर्मिळ ग्रंथांच्या संग्रहात आधीच आहे काय, हे पाहावे. असल्यास त्याची प्रत करण्याचा खर्च वाचतो; नसल्यास आपल्या कपाटातील प्रत मोलाची आहे, असे समजावे आणि ती जिल्हा ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या निदर्शनास आणावी. तिसरे काम जतनाचे. जी प्रत होईल, ती एकाच संगणकात न ठेवता किमान तीन प्रतींत, त्यांतील एक अन्य गावी, अशी ठेवावी आणि वर्षातून एकदा उघडून पाहावी.

चौथे काम वाचकांचे. आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांना संग्रहात पुस्तक कसे शोधावे, हे शिक्षकांनी दाखवावे. मराठी विश्वकोश संगणकावर व भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतो. कोरडवाहू पिकांवरील इक्रिसॅटचे संशोधन तिच्या खुल्या संग्रहात उपलब्ध आहे; त्यातील उपयुक्त भाग सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या साहाय्याने मराठीत समजावून दिल्यास तूर आणि हरभरा पिकविणाऱ्या शेतकऱ्यापर्यंतही ग्रंथालय पोहोचू शकेल.

हैदराबादच्या कपाटांत मराठवाड्याचा जो कागद आहे, तो दरवर्षी थोडा थोडा झिजत आहे. तो वाचविण्यासाठी लागणारे तंत्र आज उपलब्ध आहे. त्या कागदाची ओळख असलेली माणसे मात्र कमी होत चालली आहेत. फसली सन वाचता येणारा, मोडी उलगडणारा आणि जुन्या छापखान्यांची नावे जाणणारा वृद्ध वाचक आज एखाद्या गावच्या ग्रंथालयात बसलेला असेल. त्याच्या शेजारी संगणक जाणणारा तरुण बसविण्याची व्यवस्था त्या ग्रंथालयाने याच वर्षी करावी.